ओसाकाहून हिरोशिमा एका दिवसात: आई आणि दहा वर्षांचा मुलगा बरोबर असताना काय पाहावे?

रानजाई: नमस्कार. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी, माझी ७१ वर्षांची आई आणि १० वर्षांचा मुलगा असे तिघे ओसाकात मुक्कामाला असू. त्यातला एक पूर्ण दिवस हिरोशिमासाठी राखून ठेवला आहे. आईचे गुडघे दुखतात. ती जिना चढते, पण सावकाश. ती शाकाहारी आहे आणि अंडेही खात नाही. प्रवास, तिकिटे आणि जेवण धरून तिघांचा त्या दिवसाचा खर्च ५०,००० येनांच्या आत बसवायचा आहे. शांतता स्मृती संग्रहालय आणि मियाजिमा बेट ही दोन्ही एका दिवसात जमतील का, आणि संग्रहालय या वयाच्या मुलाला दाखवावे का, असे माझे दोन प्रश्न आहेत. तिथे रात्रीचा मुक्काम शक्य नाही, हे आधीच सांगते.

सह्यवेडा: ताई, मुक्काम शक्य नाही हे वाचले, तरीही मनापासून सांगतो की मियाजिमावर एक रात्र काढाच. संध्याकाळी दिवसभराचे प्रवासी परतले की बेट एकदम शांत होते, दगडी दिवे लागतात आणि हरणे रस्त्यावरच बसून राहतात. आम्हा दोघांचे त्या एका रात्रीचे जवळजवळ ६०,००० येन झाले, पण अख्ख्या जपान सहलीत तेवढा एकच खर्च पुरेपूर वसूल झाला असे मी आजही म्हणतो.

ओसाकावासी: मी येथे नऊ वर्षे राहतो, म्हणून हिशेब मांडून देतो. शिन-ओसाकाहून वेगवान शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) दीड तासाच्या आत हिरोशिमाला पोहोचते, पण सुटे तिकीट एका बाजूचेच १०,००० येनांच्या वर जाते. त्याऐवजी पाच दिवसांचा ‘कान्साई-हिरोशिमा’ पास घ्या. मागच्या वेळी मी पाहुण्यांसाठी घेतला तेव्हा तो १७,००० येनांना होता आणि मुलांना निम्म्या दरात मिळाला, म्हणजे तुम्हा तिघांचे ४२,५०० येन होतात. मियाजिमाची जेआरची (जपान रेल्वेची) होडी आणि हिरोशिमा स्थानकाहून फिरणारी पर्यटक बस त्यात येते. होडीवर फक्त माणशी १०० येनांचा कर वेगळा पडतो. उरलेल्या चार दिवसांत क्योतो, नारा आणि हिमेजीचा किल्लाही त्याच पासावर पाहता येईल.

निवृत्त_नकाशे: पासच घ्यावा. आम्ही मात्र देशभर चालणारा सात दिवसांचा ५०,००० येनांचा पास घेतला होता आणि टोकियोपासून कागोशिमापर्यंत फिरलो. एक काळजी घ्या: त्या पासावर ‘नोझोमी’ या सर्वांत वेगवान शिंकान्सेन गाडीत तसेच बसता येत नाही. आमचे लक्ष गेले नाही आणि गाडीतच जादा पैसे भरावे लागले.

ओसाकावासी: काका, त्यांना तो पास नको आहे. त्यांच्या पासावर शिन-ओसाका ते हिरोशिमा नोझोमी चालते.

कोकणकडा: सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणीच सांगितली नाही. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय मियाजिमाचा बेत आखू नका. इत्सुकुशिमा देवळासमोरची ती सुमारे १६ मीटर उंचीची तोरी, म्हणजे समुद्रातले महाद्वार, पाण्यावर तरंगते आहे असे भरतीलाच वाटते. पाणी २५० सेंटिमीटरच्या वर असावे लागते. १०० च्या खाली गेले की चालत थेट खांबापर्यंत जाता येते. आम्ही एका पर्यटन कंपनीबरोबर गेलो होतो, तर धड भरती नाही आणि धड ओहोटी नाही अशा वेळी आम्हाला तिथे उतरवले. त्याची हळहळ अजून जात नाही.

पोळपाट: आईंच्या जेवणाबद्दल लिहिते, कारण माझ्या सासूबाईंचे तिथे फार हाल झाले. हिरोशिमाचे ओकोनोमियाकी म्हणजे पातळ धिरड्यावर कोबीचा ढीग, नूडल्स, डुकराच्या मांसाचे काप आणि अंडे. मांस आणि अंडे नको असे सांगता येते, पण वरच्या सॉसमध्येही प्राणिज अर्क असू शकतो. मिसो सूपही बहुधा माशाच्या रश्शावर केलेले असते. आम्ही शेवटी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर नेऊ लागलो. कचऱ्याचे डबे रस्त्यावर फारसे दिसत नाहीत, म्हणून रिकामी पिशवी जवळ ठेवावी.

सह्यवेडा: मियाजिमाचे मोमिजी मांजू आईंना चालेल. आत गोड पुरणासारखे सारण असते.

पोळपाट: चालणार नाही. सारण डाळीचे असले तरी वरच्या आवरणाच्या पिठात अंडे असते.

अबोली_वाचते: मुलाला संग्रहालय दाखवावे, असे माझे ठाम मत आहे. माझी मुलगी अकरा वर्षांची होती. जळालेल्या तीनचाकी सायकलीसमोर ती बराच वेळ उभी राहिली. ती चालवणारा मुलगा तीन वर्षांचा होता हे वाचल्यावर तिने माझा हात धरला आणि पुढच्या दालनात सोडला नाही. त्या रात्री आम्ही खूप बोललो, आणि त्या बोलण्याचे मोल मला फार वाटते.

उंबरठा: आमचा अनुभव उलट आहे. माझा नऊ वर्षांचा मुलगा भाजलेल्या माणसांची छायाचित्रे पाहून कित्येक रात्री दचकून उठत असे. सगळी मुले सारखी नसतात. तुमच्या मुलाला आधी बाहेरचा, अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालेला घुमट दाखवा. १९१५ साली बांधलेली ती इमारत स्फोटाच्या केंद्रबिंदूपासून जेमतेम १६० मीटरवर होती, तरी तिच्या भिंती उभ्या राहिल्या, एवढे सांगूनही मुलाला पुष्कळ कळते.

खानदेशी: घुमटाजवळ मोतोयासू नदीच्या काठी महात्मा गांधींचा अर्धपुतळा आहे, तो चुकवू नका. मे २०२३ मध्ये त्याचे अनावरण झाले आणि तो घडवला आहे आमच्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतार यांनी. मी तिथे उभा होतो तेव्हा माझा ऊर भरून आला होता.

निवृत्त_नकाशे: संग्रहालयात माझ्या पत्नीसाठी चाकांची खुर्ची मिळाली होती, तुम्हीही विचारा. प्रौढांचे तिकीट २०० येन होते आणि शाळकरी मुलांना प्रवेश मोफत होता. पण मियाजिमा सोडू नका.

रानजाई: सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा मी आईला वाचून दाखवला. ती सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि दर वर्षी ६ ऑगस्टला सादाको सासाकीची गोष्ट सांगून वर्गाकडून कागदाचे करकोचे करून घेत असे. स्फोटाच्या वेळी दोन वर्षांची असलेली आणि १९५५ मध्ये, बाराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेली ती मुलगी तिने वर्षानुवर्षे मुलांना सांगितली आहे. सगळे ऐकून झाल्यावर तिने भरतीबद्दल काही विचारले नाही. सादाकोच्या आठवणीत उभारलेल्या मुलांच्या शांतता स्मारकापाशी आपण नेलेले करकोचे ठेवू देतात का, एवढेच विचारले. ठेवू देतात, असे मी सांगितल्यापासून आजी आणि नातू जुन्या वहीची पाने चौकोनी कापत बसले आहेत. ती प्रत्येक घडीवरून अंगठ्याचे नख फिरवते आणि त्यालाही तसेच करायला लावते. त्याच्या करकोच्यांच्या चोची अजून वाकड्या होतात.

म्हणून तुम्ही सर्वांनी आग्रह केला तरी मियाजिमा या वेळी सोडत आहोत. पास घेऊ, दशम्या नेऊ, आणि संग्रहालय आईच्या चालीने पाहू. मुलाला नको वाटेल त्या क्षणी मी त्याला घेऊन बाहेर नदीकाठी बसेन. वेळ उरला तर शुक्केएन बागेत जाऊ. आता एकच विचारते: करकोचे चुरगळू न देता कसे न्यावेत?

ओसाकावासी: पंख उघडू नका. मिटलेलेच एकावर एक दोऱ्यात ओवा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवे ठेवा. येथे हजार करकोचे करताना चाळीस-चाळीसच्या पंचवीस माळा करतात. तुमच्या जितक्या होतील तितक्या न्या, आणि दोऱ्याच्या खालच्या टोकाला एक मणी बांधा, म्हणजे शेवटचा निसटणार नाही.