मदत हवी आहे: रामेन बंद न करता मीठ आणि तेल कसं कमी करू?

दूरदेशी:
ऑफिसच्या वार्षिक तपासणीत बीपी आणि कोलेस्टेरॉल दोन्ही वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, मीठ आणि तेलकट कमी करा. बस, एवढंच. घरी यायला रात्रीचे दहा वाजतात, तेव्हा इन्स्टंट रामेनशिवाय (सूपमधले जपानी नूडल्स) काही होत नाही. शिवाय मला ते मनापासून आवडतं, त्यामुळे बंद करायचं नाहीये. अर्धा मसाला घालून पाहिला तर एकदम पांचट लागलं. चव राहील असा उपाय सांगा. जरा लवकर, पुढच्या महिन्यात परत तपासणी आहे.

तिखटमीठ:
कपातलं की पाकिटातलं? राहता कुठे? सूप पिता का? बीपी किती? काहीच लिहिलं नाहीत, सांगणार काय?

सांजवारा:
रविवारी पोळ्या लाटून फ्रीझरमध्ये टाकून ठेवा. नाहीतर नाचणीच्या शेवयांचा उपमा, दहा मिनिटांत होतो. माझी वहिनी कोल्हापूरहून शेवया पाठवते, त्याला तोड नाही. फोडणीत कढीपत्ता आणि उडीद डाळ विसरू नका.

दूरदेशी:
सांजवाराताई, पोळ्यांचं विचारलेलं नाही. जपानात, ओसाकात राहतो. कोंबिनीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, दिसेल ते घेतो, कप किंवा पाकीट. सूप पितोच, सगळी मजा त्यातच आहे. अंडं, चिकन चालतं.

निवांत:
सूप ओतून द्या, विषय संपला. मीठ सगळं सूपमध्ये असतं.

तिखटमीठ:
सगळं नसतं. मी योकोहामात राहते, आत्ता कप समोर ठेवून लिहितेय. मागे 'शोकुएन सोतोर्यो' म्हणजे मिठाचं प्रमाण ग्रॅममध्ये छापलेलं असतं. बऱ्याच कपांवर नूडल्सचं वेगळं आणि सूपचं वेगळं. माझ्या कपात एकूण पाचच्या आसपास आहे आणि त्यातलं निम्म्याला थोडं कमी नूडल्समध्येच आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे सूप टाकलं तरी अर्ध्या दिवसाचं पोटात गेलंच.

पुणेकर_आजोबा:
नूडल्सना मेणाचा थर असतो, तो पोटात चिकटतो. म्हणून नूडल्स उकळलेलं पाणी टाकून द्यायचं असतं.

भांडीकुंडी:
आजोबा, मेण नसतं हो. शेवया वाफवून तेलात तळतात. पाणी उडून जातं आणि त्या जागी तेल शिरतं. तळलेल्या वडीत वजनाच्या १५ ते २० टक्के तेलच असतं, बहुतेक पामतेल, जपानात कधी डुकराची चरबीही. पाण्यावर तवंग दिसतो तो त्याचा. १९५८ साली इन्स्टंट नूडल्सचे जनक मोमोफुकु आंदोंनी ओसाकाजवळच्या इकेदात हीच युक्ती काढली.

धागाकर्ते, तुम्ही पाकिटावर 'नोन-फुराइ' शोधा. त्या शेवया गरम हवेवर सुकवलेल्या असतात, वडीत तेल अगदी थोडं. मात्र सोबत तेलाची वेगळी पुडी येते, ती अख्खी पिळलीत तर काय उपयोग?

निवांत:
एवढं वाचत बसायला रात्री दहाला कोणाला वेळ आहे? सूप टाका म्हणतोय ना.

भांडीकुंडी:
त्यांना सूपच आवडतं, वर लिहिलंय. वाचा तरी.

दूरदेशी, अर्धा मसाला पांचट लागला कारण पाणी पूर्ण घातलं असणार. पाणीही कमी करा. आणि हे करून बघा: सकाळी निघताना बाटलीभर पाण्यात कोंबूचा (सुकवलेलं समुद्री शेवाळ) तुकडा आणि दोन सुके शिताके (जपानी मशरूम) टाकून बाटली फ्रीजमध्ये ठेवा. रात्री ते पाणी एका भांड्यात तापवा, शेवया दुसऱ्या भांड्यात उकळून गाळून घ्या. त्या पाण्याबरोबर थोडं तेल आणि मीठ जातं. आता वाडग्यात मसाल्याची एक तृतीयांश पुडी, वर कोंबूचं गरम पाणी, मग शेवया. मूठभर मोयाशी (मुगाचे लांब मोड), एक अंडं, किसलेलं आलं, भाजलेले तीळ, शेवटी लिंबू. आंबट आणि आलं असलं की मिठाची उणीव जाणवत नाही. सोया सॉस किंवा मिसो (सोयाबीनची खारट पेस्ट) वरून घालू नका, मीठ परत तिथेच येईल.

पुणेकर_आजोबा:
आणि अजिनोमोटो? ते तर विषच.

तिखटमीठ:
विष नाही. त्यात सोडियम सुमारे १२ टक्के, साध्या मिठात ३९. मीठ कमी करून चिमूटभर ते घातलं तर एकूण सोडियम कमीच होतं. भारतातल्या पाकिटांवर सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ येतं. २००० मिलिग्रॅम म्हणजे ५ ग्रॅम.

रानपाखरू:
सरळ लो सोडियम मीठ आणा. माझ्या सासऱ्यांना खूप फरक पडला. चव तीच.

भांडीकुंडी:
थांबा. त्यात पोटॅशियम असतं. दूरदेशी, बीपीची गोळी चालू आहे का?

दूरदेशी:
हो, पुण्याच्या डॉक्टरांची टेल्मिसार्टन. त्याचा इथे काय संबंध? आणि लो सोडियम मीठ आजच मागवलंय.

भांडीकुंडी:
संबंध आहे. त्या गोळीने शरीरात पोटॅशियम साठतं, वर हे मीठ घेतलं तर ते फार वाढू शकतं. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. किडनीचा त्रास असेल तर जास्तच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुडा फोडू नका. गोळीचं जपानी डॉक्टरांना सांगितलंय का?

दूरदेशी:
नाही, त्यांनी विचारलं नव्हतं. उद्या फोन करतो. कोंबू आणलाय, बाटली भरून ठेवली. शिताके ताजे चालतील का?

तिखटमीठ:
सुकेच घ्या, ताज्यांना तेवढी चव नाही. आणि बीपीचा आकडा अजून सांगितला नाहीत.