१२० हर्ट्झचा टीव्ही संगणकाला जोडावा, की मॉनिटरच घ्यावा?

नदीकाठ:
गेले आठ महिने ४३ इंची, ४के, १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० चित्रं दाखवणारा) टीव्ही मी टेबलावर मॉनिटर म्हणून वापरतोय. दिवसा प्रोग्रामिंग, रात्री गेम. ज्याला घरात एकच पडदा परवडतो त्याने सरळ असा टीव्ही घ्यावा, असं माझं ठाम मत झालंय. आधीच्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर लांबलचक फाइल सरकवताना ओळी फरफटत गेल्यासारख्या दिसायच्या. आता सरकता सरकता फंक्शनचं नाव वाचता येतं. ६० हर्ट्झला नवं चित्र १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १२० ला ८.३ मिलिसेकंदांनी. कागदावर फरक एवढासा वाटतो, पण माउस हातात घेतला की लगेच जाणवतो. शिवाय चार फुल एचडी पडद्यांची जागा मिळते आणि मध्ये एकही कड नाही. कोणाचा विरोध असेल तर कारणासकट लिहा, मला खरंच ऐकायचंय.

अक्षरजुळणी:
माझा विरोध आहे. मी पुस्तकांची अक्षरजुळणी करते, रोज आठ-नऊ तास डोळ्यांसमोर मजकूरच असतो. गेल्या वर्षी दिवाळी अंकाच्या घाईत घरचा टीव्ही जोडून काम केलं. काळी अक्षरं बरी दिसत होती. पण मुद्रितशोधकांनी पीडीएफवर लाल रंगात केलेल्या दुरुस्त्या, त्या दिसेनात! करड्या चौकटीवरचा लाल अनुस्वार पार विरघळलेला. ‘तऱ्हा’मधला ऱ पान दुप्पट मोठं केल्यावर कुठे ओळखू आला. तीन पानांवरच्या दुरुस्त्या सुटल्या, दुसऱ्या प्रुफाला सापडल्या म्हणून निभावलं. टीव्ही ही खोलीच्या पलीकडून बघायची वस्तू आहे. दोन फुटांवर बसलं की मान सारखी इकडून तिकडे वळते आणि कोपरे काळवंडलेले दिसतात.

सोल्डर_गन:
ताई, तो अनुस्वार विरघळला त्याचं कारण क्रोमा सबसॅम्पलिंग, म्हणजे रंगाची माहिती कमी करून पाठवणं. ४:२:० मध्ये उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची वेगळी जाते, रंगाची मात्र चार पिक्सेलना मिळून एकच. सिनेमात ते कळतही नाही, बारीक लाल अक्षराची मात्र वाट लागते. मजकुराला ४:४:४ च हवं, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंगही वेगळा. बऱ्याच टीव्हींमध्ये संगणकाची केबल लावलेल्या एचडीएमआय इनपुटचं नाव बदलून ‘पीसी’ केलं की टीव्ही पूर्ण रंग दाखवू लागतो. एकदा करून बघा.

पण मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. खोक्यावर ‘मोशन रेट २४०’ वगैरे छापतात, त्याचा पॅनेलच्या खऱ्या वेगाशी संबंध असेलच असं नाही. काही स्वस्त टीव्हींत ‘डीएलजी’ नावाची युक्ती असते. पॅनेल मुळात ६० हर्ट्झचं, १२० गाठायला दोन-दोन ओळी एकदम चालवतात. म्हणजे उभी स्पष्टता निम्मी, आणि आपली वेलांटी-रफार वरच्या बारीक ओळींतच असतात. माझ्याकडे दुरुस्तीला एक मुलगा असाच टीव्ही घेऊन आला होता, वर्षभराची बचत घातलेली. त्याला ‘यात बिघाड काही नाही’ हे सांगताना जीवावर आलं. विकत घेण्याआधी माहितीपुस्तिकेत ‘३८४० × २१६०, १२० हर्ट्झ’ हे एकाच ओळीत लिहिलंय का, ते बघा.

नदीकाठ:
हे फार मोलाचं सांगितलंत. माझ्याकडेही पहिला आठवडा अक्षरं अशीच फिसकटलेली दिसायची. ‘पीसी’ नाव दिलं, तीक्ष्णता शून्यावर आणली, एचडीएमआयचा जास्त क्षमतेचा पर्याय मेन्यूत चालू केला, मग कुठे जमलं. जुन्या लॅपटॉपवाल्यांनीही जपावं. एचडीएमआय १.४ चा पोर्ट असेल तर ४के फक्त ३० हर्ट्झला मिळतं, माउस अक्षरशः अडखळतो. तरी ताई, ही सगळी तासाभराची कामं आहेत. त्यासाठी टीव्हीच नको म्हणणं मला पटत नाही.

पहाटवारा:
ओएलईडी (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो) टीव्ही घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. संगणकाची खालची पट्टी दिवसभर एकाच जागी राहते, तिचा डाग कायमचा बसू शकतो. पांढरं पान पडदाभर उघडलं की उजेड आपोआप उतरतो, तेही कामात टोचतं. आणि संगणक झोपला तरी टीव्ही ‘सिग्नल नाही’ म्हणत जागाच, रिमोट शोधा!

अक्षरजुळणी:
सोल्डर_गन, काल रात्रीच ‘पीसी’ करून बघितलं. तीच जुनी पीडीएफ उघडली. अनुस्वार जागेवर, ऱ पण स्वच्छ! म्हणजे गेल्या वर्षीचा दोष सेटिंगचा होता, पडद्याचा नव्हता, हे मान्य करते.

पण माझा टीव्ही एचडीएमआय २.० चा. त्याच्या सेकंदाला १८ गिगाबिटमध्ये पूर्ण रंगासह ४के फक्त ६० हर्ट्झलाच मावतं. १२० हवं तर २.१ चा टीव्ही हवा, तशीच केबल, तसंच ग्राफिक्स कार्ड. नदीकाठ, तुम्ही हा खर्च हिशोबात धरलाच नाहीत. आणि माझं काम सरकत्या ओळींचं नाही, थांबलेल्या अक्षराचं आहे. २७ इंची ४के मॉनिटरवर इंचाला १६३ पिक्सेल बसतात, तुमच्या ४३ इंचीवर १०२. तुम्हाला १२० हर्ट्झ जितकं प्यारं, तितके मला हे पिक्सेल. ‘शुद्ध’ बरोबर छापलंय की ‘शुध्द’, हे मला पुढे न वाकता दिसलं पाहिजे, आणि काल अनुस्वार सापडला तरी त्या एका जोडाक्षरासाठी मी दोनदा पुढे वाकले.