अकॉर्डवर लॅम्बोर्गिनीची बॉडी: हौस की भपका?

सांगलीकर_फायबर: जुन्या होंडा अकॉर्डवर लॅम्बोर्गिनीची फायबर बॉडी चढवलेला फोटो काल इथे आला. खाली एकाने लिहिलं, 'यांना गाडीची हौस नाही, नुसता भपका.' डोकं फिरलं, म्हणून हा धागा. माझं आयुष्य फायबरात गेलंय. साच्याला मेण, मग जेलकोट (बाहेरचा चकचकीत थर), मग मॅट-रेझिनचे (काचतंतूची चटई आणि चिकट राळ) थर, रोलर फिरवून हवा काढायची. एक बुडबुडा राहिला तर उन्हात तिथेच फोड येतो. दोन्ही दारांच्या फटी सारख्या येईस्तोवर दारं किती वेळा उतरवावी लागतात ते करणाऱ्यालाच ठाऊक. अमेरिकेत पाँटिॲक फिएरो या छोट्या स्पोर्ट्स कारवर ढिगाने फेरारीच्या नकला उभ्या राहिल्या. ते सगळे भपकेबाज?

टॉर्क_रेंच: फिएरोचं नाव काढलंत ते बरं झालं. तिचं इंजिन सीटमागे, खाली पोलादी स्पेसफ्रेम, वर प्लॅस्टिकचे पॅनल. पॅनल काढले तरी सांगाडा शाबूत. अकॉर्ड मोनोकॉक आहे साहेब, म्हणजे वेगळा सांगाडाच नाही, छत आणि खांब हाच तिचा कणा. तो कापून ग्राइंडर मिरवायचा? त्यात इंजिन पुढे. लॅम्बोर्गिनीचं नाक इतकं खाली, की सस्पेन्शनचे टॉवर बॉनेटला भिडतात. माझ्या मामेभावाने अशी गाडी घेतली. खड्ड्यात एक चाक उतरलं की डावं दार अडकायचं.

सांगलीकर_फायबर: मामेभावाला मिस्त्री कच्चा भेटला. आम्ही आधी चौकोनी पाइपची फ्रेम बांधतो, मगच कापतो.

आरसी_बुक: पाइप सोन्याचे टाका, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चं काय? जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. माझ्या जीपला जरा रुंद टायर लावले तर नाक्यावर तासभर उभं केलं, आणि पलीकडून कर्कश सायलेन्सरवाले फटाके फोडत बिनधास्त जात होते!

कोथरूडची_काकू: सायलेन्सरचं बोला आधी! रात्री बारानंतर आमच्या गल्लीत झोप नाही. सासूबाई दचकून उठतात. मॉडिफिकेशन म्हणजे हेच, सरसकट बंद करा.

आरसी_बुक: सरसकट कशाला, काकू? टायरने कुणाची झोप मोडली?

टॉर्क_रेंच: वाहनाचा विषय आहे, झोपेचा नाही. परत या.

लेस्टरकर: इथे इंग्लंडमध्ये 2025 पर्यंत बदललेल्या गाडीचे गुण मोजायचे. मूळ, न बदललेल्या चॅसिसचे (मोनोकॉक असेल तर त्या सांगाड्याचे) 5, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स, स्टीअरिंगचे प्रत्येकी 2, इंजिनाचा 1. जुना नंबर टिकवायला 8 लागायचे. वरून चढवलेल्या बॉडीला गुणच नव्हते. पण चॅसिस कापलं की आयव्हीए, म्हणजे त्या एकट्या गाडीची सरकारी तपासणी, आणि जुन्याऐवजी 'क्यू'ने सुरू होणारा नंबर. बंदीपेक्षा तपासणी आणा.

आरसी_बुक: इथे तपासणार कोण? आमची फिटनेस टेस्ट गाडी न हलवता पास झालीय.

टॉर्क_रेंच: आणि बॅजचं काय? आपल्या डेटोना आणि टेस्टारोसा या मॉडेलांच्या नकला विकणाऱ्यावर फेरारीने खटला भरला. 1991 मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने बंदी कायम ठेवली, आणि तीही बॅजवरून नाही, गाडीच्या आकारावरून.

सांगलीकर_फायबर: बॅज लावून विकणारा चोर, यात वाद नाही. मोनोकॉक कापायचं तर हिशेब करणारा इंजिनिअर हवा, हेही घ्या, एवढा धोशा लावलात तर. पण स्वतःच्या शेडमध्ये साचा काढणाऱ्या पोराला भपकेबाज म्हणणाऱ्याने आधी एक दार बसवून दाखवावं.

टॉर्क_रेंच: दार बसवा हो. ते रस्त्यावर आणू नका, एवढंच.