एका तारेचं ब्लूज: कोणाकोणाचं ऐकावं?

सुमेधा_कराड
नमस्कार मंडळी. माझ्या लेकाने (वय १४) गेल्या रविवारी माळ्यावरची एक जुनी फळी, दोन खिळे, सायकलच्या ब्रेकची तार आणि खोकल्याच्या औषधाची बाटली एवढ्या सामानात एक वाद्य केलंय. अमेरिकेत मिसिसिपीकडे ब्लूज (तिथल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत) असं वाजवतात, हे त्याने कुठेतरी पाहिलं होतं. रात्री जेवणं झाली की दुसरी बाटली तारेवर घासत बसतो. आवाज बारीक आहे, पण मधूनच एखादा सूर असा निघतो की माझा भांडी विसळणारा हात थांबतो. माझे वडील गोंधळात तुणतुणं धरायचे, त्यामुळे एका तारेचं मला अप्रूप आहे.

घरी केलेली वाद्यं वाजवणारे ब्लूजवाले सांगाल का? नेहमीचे गिटारवाले नकोत. आणि वाद्याचा आवाज वाढवायला काय करावं, तेही सांगा.

डेल्टावारी
सुमेधाताई, तुमच्या लेकाने केलंय त्याला तिकडे ‘डिडली बो’ म्हणतात. मूळ पश्चिम आफ्रिकेतलं. गुलामगिरीत नेलेल्या माणसांबरोबर ही कल्पना गेली आणि मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात पोरांचं पहिलं वाद्य होऊन बसली. केरसुणीला गुंडाळलेली तार सोडवायची, घराच्या लाकडी भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये ताणायची, खाली बाटली सरकवायची. अख्खं घर घुमायचं.

पहिलं नाव लॉनी पिचफर्ड. लेक्झिंग्टन, मिसिसिपी, जन्म १९५५. यातून शिकून पुढे गिटारवर गेलेले पुष्कळ, पण हा मोठेपणीही एक तार घेऊन मंचावर बसायचा. गिटारही उत्तम वाजवायचा. रॉबर्ट जॉन्सन या जुन्या नामवंत ब्लूज गिटारवाल्याची वाजवण्याची पद्धत त्याने रॉबर्ट लॉकवुड ज्युनियरकडून घेतली, आणि लॉकवुड खुद्द जॉन्सनकडे शिकलेला, म्हणजे थेट तालीमच. तरी त्याची एका तारेवरची गाणी आधी ऐका. गाण्याची ओळ तो अर्ध्यावर सोडतो आणि उरलेली तारेकडून म्हणवून घेतो. ४३ व्या वर्षी गेला, १९९८ साली. त्याच्या थडग्याच्या दगडाला डिडली बोची तार बसवली आहे आणि ती वाजवता येते.

दुसरा एडी ‘वन स्ट्रिंग’ जोन्स. १९६० मध्ये लॉस एंजेलिसच्या बेघर वस्तीत फ्रेडरिक अशर यांना भेटला, त्यांनी रेकॉर्ड केलं म्हणून आज ऐकायला मिळतो. फळी, एक तार, घुमायला रंगाचा डबा. एका हातात दारूची छोटी बाटली, दुसऱ्या हातातल्या काडीने तारेवर ठोके. पिचफर्ड गोड आहे, जोन्स खरखरीत. लेकाला दोन्ही ऐकवा, एकाच दिवशी मात्र नको.

सुतारपक्षी
ब्रेकची तार आधी काढा. ती अनेक बारीक तारांचा पीळ असते, बाटली तिच्यावर घसरत नाही, खरवडते. गिटारची साधी पोलादी तार आणा, वरून दुसरी तार गुंडाळलेली नको आणि अगदी बारीकही नको.

आवाजाचं म्हणाल तर मिसिसिपीतली घरं फळ्यांची, म्हणून भिंत घुमायची. विटांच्या भिंतीवर ते व्हायचं नाही. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या आणि फळीचं एक टोक त्याच्यावर घट्ट बसवा. तारेखालची बाटली त्याच टोकाला ठेवा, म्हणजे कंप सरळ पत्र्यात उतरेल.

फळीवर पेन्सिलीने खुणा करून द्या. मोकळी तार ९० सेंमी असेल तर डब्याच्या विरुद्ध टोकापासून २२.५ वर शुद्ध म, ३० वर प, ४५ वर वरचा सा. बाटली हलकेच टेकवायची, तार फळीला दाबायची नाही. ब्लूजचा खरा सूर कोमल ग आणि शुद्ध ग यांच्या मध्ये कुठेतरी आहे. तिथे खूण करू नका, त्याला कानाने शोधू द्या.

रानवारा
तारेचंच कशाला, फुंकायचंही सांगते. ओथार टर्नर. उत्तर मिसिसिपीत, सेनाटोबियाजवळ शेती करणारा माणूस. बारीक, पोकळ बांबूची आडवी बासरी स्वतः करायचा, तापलेल्या लोखंडी सळईने भोकं पाडून. आपल्याकडचे बासरी करणारेही सळईच तापवतात. सोबतीला ढोल. त्याच्याकडे दरवर्षी उन्हाळा सरताना बोकड कापून गावजेवण व्हायचं आणि रात्रभर मंडळी ढोलामागून धुळीत नाचत फिरायची. पहिला अल्बम निघाला तेव्हा त्याने नव्वदी गाठली होती. २००३ मध्ये तो गेला, त्याच दिवशी त्याची मुलगी बर्निसही गेली. दोघांच्या अंत्ययात्रेत नात शार्डे, तेव्हा अजून लहान, बासरी वाजवत पुढे चालली. पुढे तिनेच आजोबांचं बासरी-ढोलांचं पथक चालवलं. १९७२ चा ‘ग्रॅव्हल स्प्रिंग्ज फाइफ अँड ड्रम’ हा छोटा माहितीपट नेटवर आहे, त्यात टर्नर बासरी करताना दिसतो. तुमच्या लेकाने तो बघायलाच हवा.

त्याच भागातली जेसी मे हेम्फिलही ऐका. तिचे आजोबा सिड हेम्फिल आंधळे होते आणि आपली वाद्यं स्वतः घडवायचे. लोकसंगीत जमवत फिरणाऱ्या ॲलन लोमॅक्सने १९४२ मध्ये त्यांना रेकॉर्ड केलंय.

पत्र्याचा_डबा
ताई गिटारवाले नको म्हणाल्या, तरी मिसिसिपीतल्याच क्लार्क्सडेलच्या ‘सुपर चिकन’ नावाच्या वादकाला वगळू नका. पेट्रोलच्या जुन्या कॅनच्या गिटारी करून स्वतः रंगवतो.

आणि गस कॅनन! त्याचा पहिला बँजो तळणीच्या तव्याचा होता, वर रॅकून नावाच्या प्राण्याचं कातडं. पुढे मेम्फिसमध्ये त्याने ‘जग बँड’ काढला (जग म्हणजे सुरई), म्हणजे रिकाम्या सुरईत फुंकून खर्ज काढायचा. त्याचं १९२९ चं एक गाणं १९६३ मध्ये दुसऱ्यांच्या आवाजात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

केरीची_वाट
थोडं अवांतर. ब्लाइंड विली जॉन्सन तसा भजनं गाणारा, ब्लूजवाला म्हणवून न घेणारा. पण लहानपणी त्याचं पहिलं वाद्य सिगारच्या खोक्याचं होतं असं सांगतात. १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानाबरोबर जी सोनेरी तबकडी पाठवली, तिच्यात त्याचं १९२७ चं शब्दांवाचूनचं गुणगुणणं आहे. आणि त्याच तबकडीवर आमच्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. हे दोन्ही लागोपाठ लावून बघा, रात्री, दिवे मालवून.

सुमेधा_कराड
सगळ्यांचे मनापासून आभार. तार बदलली, डबा बसवला. शेजारच्या काकू विचारायला आल्या की गाणं कोणतं लावलंय.

पिचफर्ड ऐकवला. लेक पहिल्यांदा काहीच बोलला नाही, दुसऱ्यांदा लावायला सांगितला. मग मी वडिलांचं तुणतुणं ट्रंकेतून काढलं. त्याची तार एकाच सुरावर राहते, गाणाऱ्याला धरून. लेकाने ते कानाशी धरलं, आपली तार त्याच सुराला लावली आणि मला म्हणाला, “आई, तू हे धर. मी फिरतो.”

रानवारा, बासरीसाठी बांबू किती जाड घ्यायचा?

रानवारा
तुमच्या अंगठ्याएवढा. आणि पुरता वाळलेला.