‘यंत्राला न विसंबणारी माणसे’ : अर्थ उलटा होतो का?

रंकाळाकाठ :
एका इंग्रजी विज्ञानकथेचा अनुवाद करीत आहे. कथेतले शहर माणसांनी इतके भरलेले आहे की रस्त्यावर उतरण्याची पाळीसुद्धा दारावरचे यंत्र ठरवते आणि ते बंद पडले की घरातल्यांना काय करावे ते सुचत नाही. त्या लोकांविषयी मी ‘यंत्राला क्षणभरही न विसंबणारी माणसे’ असे लिहिले. पुण्याच्या संपादकबाईंनी समासात शेरा मारला : ‘म्हणजे ही माणसे यंत्रावर अवलंबून नाहीत? मुळात तर नेमके उलट आहे.’ माझी आजी मात्र ‘तान्ह्या लेकराला विसंबून शेतात जाऊ नये’ असे म्हणत असे, आणि तिच्या बोलण्यात विसंबणे म्हणजे नजरेआड करणे. माझे चुकले का?

शिवाजीपेठकर :
आपले मुळीच चुकलेले नाही. ‘-ला विसंबणे’ म्हणजे सोडून राहणे, विसर पडू देणे. ‘-वर विसंबणे’ म्हणजे भरवसा टाकणे. समर्थांच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या ‘दुसऱ्यावरी विसंबला, त्याचा कार्यभाग बुडाला’ या ओळीत दुसरा अर्थ आहे, तर संतांच्या अभंगांत पहिला भेटतो. गंमत अशी, की जो यंत्राला विसंबत नाही, तोच यंत्रावर विसंबलेला असतो. मला वाटते, दोन्ही अर्थांच्या मुळाशी हात ढिला सोडणे हीच कल्पना असावी.

कळंब्याची लेक :
दादा, ही व्युत्पत्ती आपल्या घरची दिसते. आजचा वाचक ‘ला’ आणि ‘वर’ यांच्याकडे इतके निरखून पाहत नाही. ‘अवलंबून’ लिहावे आणि मोकळे व्हावे. २०१९ च्या पुरात आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती, मोबाईल बंद पडले, आणि शेजारच्या दुकानात लँडलाइन चालू असूनही मला सख्ख्या बहिणीचा नंबर पाठ नव्हता. त्या अवस्थेला ‘अवलंबून’ हाच शब्द शोभतो.

उद्यमनगर :
ताई, आमच्याकडे तो ‘ला’ अजून जिवंत आहे. लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातायच्या मशीनवर, नवे पोरगे आले की मिस्त्री पहिल्या दिवशी बजावतो, ‘चालू मशीनला विसंबून चहाला जायचं नाही’. चक म्हणजे काम घट्ट धरून फिरणारा भाग; त्याची चावी त्यातच विसरून कोणी मशीन सुरू केली, तर ती चावी गोळीसारखी सुटते. त्यामुळे या शब्दाचा अर्थ आम्हांला कोशात पाहावा लागत नाही.

शिवाजीपेठकर :
उदाहरण उत्तम, पण ‘मशीन’ कशाला? ‘यंत्र’ हा शब्द असताना उसनवारी कशासाठी?

उद्यमनगर :
यंत्र आम्ही दसऱ्याला पुजतो, सर. एरवी ती मशीनच.

कळंब्याची लेक :
रंकाळाकाठ, अनुवादात ‘लोकसंख्येचा स्फोट’ आला असेल, तर तो मात्र काढावा. स्फोट क्षणात होतो. जगाचे ३०० कोटींचे ६०० कोटी व्हायला १९६० ते १९९९ एवढा काळ लागला, आणि ८०० कोटींचा टप्पा २०२२ साली आला. अशा कथांतली माणसे स्फोटाने नव्हे, दाटीने गुदमरतात. ऊस दाट लावला की आतल्या फुटव्यांना ऊन मिळत नाही आणि ते पिवळे पडून मरतात. तसे हे आहे.

रंकाळाकाठ :
‘दाटी’ घेतो. पण माझा विसंबण्याचा प्रश्न तसाच राहिला.

शिवाजीपेठकर :
दाटी घरगुती वाटते, ‘गर्दी’ घ्यावी. फारसीत ‘गर्द’ म्हणजे धूळ, आणि बखरींत शत्रूला ‘गर्दीस मिळवतात’, म्हणजे धुळीला मिळवतात. माणसे वाढून शहराची धूळ झाली, हा अर्थ एकाच शब्दात येतो.

उद्यमनगर :
म्हणजे मशीन चालत नाही, फारसी चालते?

शिवाजीपेठकर :
ती मुरलेली आहे.

कळंब्याची लेक :
मुरायला किती वर्षे लागतात, तेवढे सांगावे. आमच्या कळंब्यात आजोबांच्या वेळेपासून ‘मशीन’च म्हणतात.