ई-सीव्हीटी अन् साधा सीव्हीटी एकच का?

लातूरकर: टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस बघायलो. पेट्रोलला सीव्हीटी (ठरलेले गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), हायब्रिडला (इंजिन अन् इलेक्ट्रिक मोटर दोन्हीवाली) ई-सीव्हीटी म्हणायलेत. दोन्ही सारखंच का? बेल्टची भीती वाटायली.

परभणीचा गडी: नाही दादा, नावच तेवढं सारखं. साध्यात दोन पुली अन् मधी स्टीलचा बेल्ट, पुली रुंद-अरुंद झाली की गिअरचा रेशो बदलतो. टोयोटाच्या हायब्रिडमधी बेल्टच नाही, प्लॅनेटरी गिअर (मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर) अन् दोन मोटर-जनरेटर, एका मोटरचा स्पीड कमीजास्त केला की काम झालं, १९९७ च्या प्रियसपासून मूळ आयडिया हीच.

बीडकर: होंडा सिटी हायब्रिडचं अजून निराळं, बहुतेक वेळ मोटरच चाकं फिरवते, हायवेला क्लच लागून इंजिन डायरेक्ट.

लातूरकर: मग मांजरसुंब्याच्या घाटात दाबली की इंजिन ओरडणार नाही ना?

परभणीचा गडी: ओरडणार की, दोन्ही ओरडतात 😄