गणपतीपुळ्यात चार दिवस: रत्नागिरीत दुपारी बघण्यासारखं काय आहे?

मिरजेची_सून
मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गणपतीपुळ्याला चार दिवस आहोत. मी, नवरा, सासूबाई, दोन मुलं (अकरा आणि सहा). सकाळी समुद्र, संध्याकाळी समुद्र, हे ठीक. पण अकरा ते चार काय करायचं? गेल्या वर्षी तळकोकणात गेलो होतो, तेव्हा खोलीत एसी लावून सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. मीही बसले होते, खोटं कशाला बोलू. शेवटच्या दिवशी हट्टाने सगळ्यांना एका संग्रहालयात नेलं, तर दाराला कुलूप. सोमवार! रिक्षावाला म्हणाला, "ताई, मला वाटलं तुम्हाला नुसतं बाहेरून बघायचंय." नवरा ते अजून ऐकवतो.

थिबा पॅलेस, टिळकांचं घर आणि मालगुंड, एवढं ऐकून आहे. एका दिवसात तिन्ही होतील का? सासूबाईंचे गुडघे दुखतात. नवऱ्याचं म्हणणं, "जुनी भांडी बघायला कोकणात कशाला जायचं?"

खालची_आळी
तिन्ही होतील, पण करू नका. मी रत्नागिरीतच वाढले. बाहेरून आलेले पाहुणे एका दिवसात पाच ठिकाणं उरकतात आणि रात्री जेवताना विचारतात, तो राजा नेमका कुठला हो?

थिबा पॅलेसला अख्खी दुपार द्या. सोमवार सोडून, आणि निघायच्या आधी फोन करून. तिथे अधूनमधून दुरुस्तीची कामं चालतात. तळमजल्यावरच्या मूर्ती मुलं पाच मिनिटांत संपवतील, संपवू देत. आत जायच्या आधी त्यांना गोष्ट मात्र सांगा. इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला गादीवरून उतरवलं, तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. आधी मद्रासला नेला आणि १८८६ मध्ये इथे आणून ठेवला. हा वाडा बांधून झाला १९१० साली. तोवर चोवीस वर्षं तो बंगल्यांत राहिला, आणि वाडा मिळाल्यावर जेमतेम सहा. १९१६ च्या डिसेंबरात इथेच गेला. एवढं ठाऊक असलं की संगमरवरी फरशीचा तो दिवाणखाना वेगळाच दिसतो. नाहीतर लग्नाचा हॉल वाटतो, आमच्या वर्गातल्या मुलींना वाटायचा तसा.

खिडक्यांवरचं लाकडी कोरीव काम बघा, अर्धगोल आहे. मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती आहे, ती बघायची राहून जाते बऱ्याच जणांची. मग जवळच्या थिबा पॉइंटला जा. तिथून भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र दिसतो. सासूबाईंना तिथे बसवा.

शिवाजीनगरला राजाची समाधी आहे. तिथे फारसं कुणी जात नाही, पण २०१२ साली म्यानमारचे, म्हणजे आताच्या ब्रह्मदेशाचे, राष्ट्राध्यक्ष मुद्दाम आले होते. राजाची नात टूटू मात्र रत्नागिरीचीच झाली. इथेच संसार केला, मराठी बोलायची. आमच्याकडे जुन्या लोकांना थिबाचं नाव काढलं की आधी तीच आठवते.

टिळकांचं घर दुसऱ्या दिवशी, पाऊण तासात होतं. कौलारू घर आहे, ओटी-पडवीचं. टिळकांचा जन्म १८५६ चा, दहाव्या वर्षी ते पुण्याला गेले. मालगुंड तर तुमच्या पुळ्याला लागूनच आहे, त्यासाठी रत्नागिरीला यायला नको. केशवसुतांचं जन्मघर सारवलेलं, थंडगार असतं. आवारात दगडांवर कविता कोरल्यात. मुलांना मोठ्याने वाचायला लावा.

बांगडा_फ्राय
झाडगावचं मत्स्यालय कुणी सांगितलंच नाही? देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे तिथे! सहा वर्षांच्या पोराला ब्रह्मदेशाच्या राजाचं काय कौतुक. आमचा पोरगा त्या बरगड्या मोजत होता, बाहेर यायला तयार नव्हता. थोडा वास येतो, सांगून ठेवतो.

जांभ्या_दगड
कातळशिल्पं! म्हणजे जमिनीवरच्या कातळात खोदलेली जुनी चित्रं. उक्षी गावातला हत्ती बघा. संग्रहालय नाही, सड्यावर, म्हणजे माळरानाच्या कातळावर, उघड्यावर आहे, म्हणून दुपारी अजिबात जाऊ नका. मे महिन्यात जांभा असा तापतो की चपलेतून चटका बसतो. सकाळी सात किंवा संध्याकाळी पाचनंतर जा. ऊन तिरपं असलं की खोदलेल्या रेषांत सावली पडते आणि चित्र उठून दिसतं. डोक्यावरच्या उन्हात नुसता काळा कातळ दिसतो, मी स्वतः फसलोय. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. मुलांना चित्रावर पाय देऊ देऊ नका.

खालची_आळी
बांगडासाहेब, मत्स्यालय खरंच राहिलं, चूक कबूल. आणि ताई, पुळ्याहून येताना आरे-वारेच्या रस्त्याने या. अर्धा रस्ता समुद्र सोबतीला असतो, नवरोबा कुरकुर करणार नाहीत.

मिरजेची_सून
सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय: पहिल्या दिवशी मालगुंड. मंगळवारी आरे-वारेच्या रस्त्याने थिबा, सासूबाई पॉइंटवर. बुधवारी मत्स्यालय आणि टिळकांचं घर. हत्ती परतीच्या सकाळी, मुलं उठली तर.

नवऱ्याला अजून सगळं सांगितलेलं नाही. रत्नागिरीला मासे बघायला जायचंय, एवढंच म्हटलंय. तो खूश आहे, त्याला बाजार वाटतोय.